उणे सहाचा नंबर, रुंद चेहरा आणि आता चाळिशी : फ्रेम कशी निवडू?

कर्वेनगरची_सायली

नमस्कार मंडळी. चष्म्याची फ्रेम निवडायला मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण ‘तुम्हाला आवडेल ती घ्या’ एवढ्यावर माझं काम भागत नाही.

वय ४३. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. चष्मा पाचवीपासून आहे. उजवा डोळा −६, डावा −५.५, दोन्हीकडे थोडा सिलिंडर, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझमचा नंबर. आता डॉक्टरांनी जवळचा १.२५ नंबरही दिलाय, म्हणजे यंदा प्रोग्रेसिव्ह (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत) करायचा आहे. कागदावर पीडी ६० लिहिलाय. चेहरा रुंद, गाल भरलेले, नाकाचं हाड बसकं. रंग सावळा. कपाळापाशी पांढऱ्या केसांची एक बट आहे, ती मी रंगवत नाही. रोज टिकली लावते, कानात कुड्या असतात. कॉलेजला दुचाकीवरून जाते.

सध्याच्या चष्म्याच्या काडीवर आतून ५४-१८-१४० असं छापलंय. ‘रुंद चेहऱ्याला मोठीच फ्रेम हवी’ म्हणून दुकानातल्या मुलाने हीच पुढे केली होती. काच कडेला इतकी जाड आहे की काडी मिटताना तिला घासते. समोरून पाहिलं तर गालाची कड काचेतून आत सरकलेली दिसते, आणि डोळे अगदी बारीक. फळ्यावर समीकरण लिहून वर्गाकडे वळले की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला असतो, आणि हसले की तोच गालांवर टेकून वर उचलला जातो.

मला माझे डोळे आवडतात. आईसारखे आहेत, मोठे आणि काळेभोर. चष्मा काढला की लोक तसं म्हणतात. चष्मा घातल्यावरही ते दिसावेत, एवढंच हवंय.

इंटरनेटवरचे तक्ते वाचले. गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम, चौकोनी चेहऱ्याला गोल. माझा चेहरा नेमका कुठल्या खान्यात बसतो तेच ठरेना. तर विचारते : सुरुवात कशापासून करायची? पातळ काच घेतली की डोळे मोठे दिसतात का? रिमलेस (काचेभोवती चौकट नसलेली) चांगली का शेल (जाड प्लास्टिकची)? आणि रंग कुठला?

पेठेतल्या_माई

सायली, माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. लग्न होऊन शनिवार पेठेत आले ती चष्म्याच्या दुकानातच. सासरे काचा घासायचे, मी काउंटर सांभाळायचे. आता दुकान मुलगा बघतो, पण जुनी गिऱ्हाइकं अजून ‘माई आहेत का’ विचारत येतात, तेव्हा अधूनमधून जाऊन बसते. तुझा प्रश्न मी नीट दोनदा वाचला, कारण अशा नंबरच्या मुली चष्म्यामुळे खट्टू होऊन आलेल्या मी फार बघितल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेकींचं दुखणं फ्रेमच्या मापात होतं.

चेहऱ्याचा आकार आत्ता बाजूला ठेव. मोठ्या नंबरला पहिला प्रश्न एकच : तुझी बाहुली काचेच्या मध्यावर येते का?

काडीवरचे आकडे बघ. ५४ म्हणजे एका काचेची रुंदी, १८ म्हणजे दोन काचांमधलं अंतर, १४० म्हणजे काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. ५४ आणि १८ मिळून ७२. तुझा पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, ६०. फरक १२ चा, म्हणजे प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून ६ मिमी नाकाकडे सरकलेला. काचेचा केंद्रबिंदू बाहुलीसमोर ठेवावाच लागतो, त्यामुळे बाहेरची कड केंद्रापासून ३३ मिमी लांब गेली. उणे नंबरची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, आणि ही जाडी अंतराच्या वर्गाने वाढते. थोडं लांब गेलं की खूप जाड.

आता ४८-२० ची फ्रेम धर. बेरीज ६८, सरकणं फक्त ४, कड २८ मिमीवर. उणे सहाला साध्या १.५ इंडेक्सच्या काचेत (इंडेक्स जितका जास्त तितकी काच पातळ) कडेची वाढ ढोबळ हिशेबाने अशी येते : ५४-१८ मध्ये साडेसहा मिमी, ४८-२० मध्ये ४.७. मधली जाडी त्यात वेगळी मिळवायची. १.६७ ची महाग काच मोठ्या फ्रेममध्ये घातलीस तर ४.९. म्हणजे मोठ्या फ्रेममधल्या महागड्या काचेची कड छोट्या फ्रेममधल्या साध्या काचेपेक्षा जास्त वाढते! सिलिंडर आणि काचेचा आकार यांनी थोडं इकडेतिकडे होईल, पण गणित हेच राहतं. तू रसायनवाली आहेस, स्वतः मांडून बघ : अंतराचा वर्ग गुणिले नंबर, भागिले २०००, भागिले (इंडेक्स वजा १).

पातळ काचेने डोळे मोठे दिसतात का? नाही. हे स्पष्ट सांगते, कारण दुकानांतून उलटं सांगितलं जातं. डोळा लहान दिसतो तो नंबरमुळे आणि काच डोळ्यापासून किती लांब आहे त्यामुळे. उणे सहाला, काच जागेवर असताना, तो आठ टक्क्यांच्या आसपास लहान दिसतो, मग काच १.५ ची असो की १.७४ ची. तुझा चष्मा शेंड्यावर घसरला की काच आणखी पुढे येते आणि डोळा आणखी बारीक दिसतो. चार मिमी पुढे आली तर आणखी दोन-अडीच टक्के. म्हणून तुझ्या आईच्या डोळ्यांसाठी करायचं काम हे की चष्मा वर, डोळ्याजवळ बसला पाहिजे, पापण्या घासणार नाहीत इतपत. आणि लहान दिसणारा डोळा भल्या मोठ्या काचेत ठेवला की तो आणखी हरवतो. त्याच्याभोवतीची चौकट लहान केली की डोळा भरतो. गालाची कड आत सरकते तीसुद्धा काचेच्या बाहेरच्या भागातून दिसते. तो भागच कमी झाला की सरकणं कमी.

मग रुंद चेहऱ्याचं काय? दुकानातला मुलगा रुंदी बघत होता ते बरोबरच, फक्त रुंदी काचेतून आणायची नसते. ती कोपऱ्यांतून आणायची. काच संपते आणि काडी सुरू होते त्या मधल्या तुकड्याकडे बघ. काही फ्रेममध्ये तो तुकडा बाहेर आलेला असतो, पाच-सहा मिमी सहज. काच ४७-४८ ची आणि फ्रेमची एकूण रुंदी मात्र चेहऱ्याएवढी, अशा फ्रेमा असतात, मागून घ्याव्या लागतात. घालून बघताना काडी कानशिलाला न दाबता सरळ मागे गेली पाहिजे. काडी बाहेर फाकली तर फ्रेम अरुंद, कानशील आणि काडी यांच्यात बोट जायला लागलं तर रुंद.

नाक. बसक्या हाडाला एकसंध शेल घेऊ नकोस. त्याचा पूल, म्हणजे नाकावर बसणारा मधला तुकडा, फ्रेममध्येच घडवलेला असतो, तो तुझ्या नाकावर टेकणारच नाही आणि सगळा भार गालांवर येईल. हसताना चष्मा उचलला जातो तो त्यामुळे. तुला वेगळे, तारेवरचे नोजपॅड हवेत, ते आत-बाहेर, वर-खाली वाकवता येतात. सगळी मेटलची फ्रेम घे, नाहीतर पुढचा भाग शेलचा आणि पॅड तारेवरचे, अशी. दुसरी माझ्या मते तुला जास्त चांगली, कारण शेलची कड जाड असते, काचेची जाडी तिच्यात झाकली जाते. रिमलेस तुझ्या नंबरला अजिबात नको. सुप्राही नको, तीच खालची नायलॉनची दोरी असलेली. दोन्हीकडे काचेची कड उघडी पडते.

काडीची लांबी बऱ्याचदा कोणी बघतच नाही. काडी कानाच्या वरच्या टोकाला पोचली की लगेच वाकली पाहिजे. वाक त्याच्या मागे गेला तर चष्मा घसरणारच, पॅड कितीही दाबा. शेलची काडी गरम करून हवी तिथे वाकवता येते, मेटलच्या काडीचं शेवटचं प्लास्टिकही. टीआर नाइंटी नावाच्या प्लास्टिकची काडी हलकी असते, पण गरम करून दिलेला आकार ती नीट धरून ठेवत नाही. घसरणाऱ्या नाकाला ती मी सुचवत नाही.

प्रोग्रेसिव्हसाठी एक अट वाढते. काच रुंदीला लहान हवी, पण उंचीला नको. बाहुलीपासून काचेच्या खालच्या कडेपर्यंत निदान १८ मिमी तरी मिळावेत, म्हणजे जवळचा भाग पूर्ण बसेल. कमी उंचीची डिझाइनं मिळतात, पण त्यांत लांबून जवळ येताना नंबर पटकन बदलतो. ३६-३८ मिमी उंचीची, वर किंचित सपाट आणि खाली गोलावलेली काच घेतलीस तर दोन्ही जमतं.

आता काउंटरवर काय करायचं ते ऐक. आवडलेल्या फ्रेमचे पॅड आणि काड्या आधी बसवून घे. निदान पॅड तरी. न बसवलेल्या फ्रेममध्ये कोणीच चांगलं दिसत नाही. मग डमी काचेवर मार्करने बाहुल्यांचे ठिपके काढायला सांग. ठिपके काढणाऱ्याने तुझ्यासमोर, डोळे तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर येतील असं बसायचं. मी उजवा डोळा मिटायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, ‘माझ्या डाव्या डोळ्यात बघा,’ मग त्याच्या उजव्या बाहुलीवर ठिपका. मग डावा मिटून दुसरीकडे. उभं राहून वरून ठिपका काढला की तो खोटा येतो. फ्रेम उतरवून हातात घे आणि बघ : ठिपका काचेच्या उभ्या मध्यरेषेच्या किती आत आहे, आणि आडव्या मध्यरेषेच्या जरासा वर आहे का. फ्रेमवर फ्रेम असंच बघत गेलीस की कुठली तुझी ते ठिपकेच सांगतील. दिसायला ती बरी दिसतेच. मला या गोष्टीचं अजूनही अप्रूप वाटतं की जी मोजमापाने बरोबर बसते तीच चेहऱ्याला शोभते.

दुचाकी_धायरी

माईंना +१. मी रोज धायरी ते हिंजवडी बाइकवर, नंबर −४. फक्त हेल्मेटपुरतं लिहितो.

फ्रेम घ्यायला जाताना हेल्मेट हातात घेऊन जा. आधी हेल्मेट, मग चष्मा, या क्रमाने काडी आत सरकली पाहिजे. शेवटचं टोक फार वाकलेलं असेल तर ती अडते, आणि माई म्हणतात तसा कानामागचा वाक तर हवाच. यातून मार्ग : काडी बारीक आणि चपटी घ्या, जाड शेलची नको. जाड काडी हेल्मेटचं अस्तर आणि कवटी यांच्यात दाबली जाते आणि सिंहगड रोडच्या सिग्नलांमध्ये कानावर कळ येते. स्प्रिंगची बिजागरी असेल तर काढता-घालताना फ्रेम फाकत नाही. स्कार्फ बांधत असाल तर तो काडीच्या खालून घ्या, वरून घेतला की पॅड नाकात रुततात.

आणि घाम. मला साध्या मेटलच्या काडीने कानशिलावर चट्टे आले होते. त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली, निकेलची ॲलर्जी निघाली. स्वस्त मेटल फ्रेम बहुतेक मोनेलच्या असतात, त्यात निकेल आणि तांबं. पॅडच्या स्क्रूपाशी जो हिरवट थर साचतो तो त्यातल्या तांब्याचा. टायटॅनियम घेतल्यापासून चट्टे गेले. एप्रिल-मेमध्ये ज्यांना आर्टिफिशियल कानातलं सोसत नाही त्यांनी मेटल फ्रेम घेताना हे नक्की विचारावं.

रेखाटन

सायलीताई, मी व्यक्तिचित्रं काढतो आणि शनिवार-रविवार मुलांना शिकवतो. माप माईंनी सांगितलं, त्याबाहेर माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते रेषा आणि रंगाचं.

चष्मा म्हणजे चेहऱ्यावर काढलेली सगळ्यात ठळक रेषा. तुमच्या भुवईखालून ती जाते. फ्रेमची वरची कड भुवईच्या उतारासारखीच उतरली तर चेहरा शांत दिसतो. भुवई कमानदार आणि फ्रेम वरून पट्टीने आखल्यासारखी सरळ असली की दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि बघणाऱ्याला चेहरा नाराज वाटतो. भुवई फ्रेमच्या वर थोडी दिसू द्या. तुमच्या चेहऱ्यावर हसू डोळ्यांत येत असणार, आणि डोळ्यांतलं हसू भुवईवाचून कळत नाही.

फ्रेमचे बाहेरचे वरचे कोपरे किंचित वर उचललेले घ्या. अगदी किंचित. भरलेल्या गालांचा भार खाली असतो, कोपरे नजर वर नेतात. याउलट खाली ओघळणाऱ्या आकाराच्या फ्रेमा, वैमानिकांच्या गॉगलसारख्या, तुमचे गाल आणखी खाली आणतील.

पूल. बसक्या नाकाला पूल वर असलेला चांगला, नाक लांब दिसतं. खाली असलेला पूल नाकाचा वरचा भाग कापून टाकतो. पण तुम्ही टिकली लावता हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण दुकानात हे कोणी लक्षात घेत नाही. पूल जाड आणि गडद असला की टिकली, भुवया आणि पूल यांची एवढ्याशा जागेत गर्दी होते. पूल बारीक घ्या, मेटलचा असला तर उत्तम, आणि फ्रेम बघायला जाताना रोजची टिकली आणि रोजच्या कुड्या घालूनच जा. काडी जिथे कुडीच्या वरून जाते तिथे दोन्ही चकचकीत असले तर एकमेकींवर कुरघोडी करतात. कुड्या मोत्यांच्या असतील तर काडी मॅट बरी.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. सावळ्या रंगाला काळी फ्रेम शोभते हे खरं, पण ती पांढऱ्या बटेच्या शेजारी आली की चेहऱ्यात तीन टोकं तयार होतात : पांढरं, काळं, आणि मध्ये त्वचा बिचारी निस्तेज. काळ्याच्या एक पायरी अलीकडे थांबा. गडद वाइन, पिकलेल्या जांभळाचा रंग, बाटलीहिरवा, नाहीतर उजेडात धरल्यावर आतून मध दिसतो तसला तपकिरी. यातला कुठलाही सावळ्या त्वचेतला उबदारपणा वर आणतो. सोनेरी मेटल झळकणारी नको, जुन्या पितळेसारखी मंद चालेल. त्वचेच्या रंगाच्या जवळ जाणारी बदामी फ्रेम मात्र टाळा, तिच्यामुळे चेहरा धुऊन निघालेला वाटतो. हल्ली पारदर्शक फ्रेमांची चलती आहे. तुमच्या नंबरला त्याही नकोत, कारण काचेची जाड कड त्यातून पांढऱ्या रेघेसारखी दिसत राहते.

बघायचं कसं, ते आता. दुकानातला काउंटरवरचा आरसा हातभर अंतरावर असतो आणि वरून पांढऱ्या दिव्यांचा मारा. त्यात फक्त फ्रेम दिसते, तुम्ही दिसत नाही. दुकानाच्या दारात या, दिवसाउजेडी. बरोबर आलेल्या माणसाला पाच-सहा फुटांवरून फोटो काढायला सांगा, कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर. सेल्फी नको. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात, त्या फोटोवरून फ्रेम ठरवणं अन्यायाचं आहे. तुमचे विद्यार्थी तुम्हाला दहा फुटांवरून बघतात. तेवढ्या अंतरावरून डोळे दिसले पाहिजेत.

कर्वेनगरची_सायली

माई, रेखाटन, धायरीकर, तिघांचे मनापासून आभार. हिशेब मी वहीत मांडून बघितला आणि सध्याच्या चष्म्याची कड मोजली. जमतंय!

बहिणीला घेऊन लक्ष्मी रोडला आणि मग कॅम्पात फिरले. टिकली, कुड्या, हेल्मेट सगळं बरोबर. एका दुकानातल्या काकांनी ठिपके काढायला स्टूल ओढून माझ्यासमोर बसकण मारली तेव्हाच मला बरं वाटलं. पंचेचाळीस ते पन्नासच्या मधल्या फ्रेमा त्यांनी आतल्या खणातून काढून दिल्या, बाहेर मांडलेल्या नव्हत्या.

एक फार आवडली आहे. पुढचा भाग गडद वाइन रंगाच्या शेलचा, पूल आणि काड्या मॅट टायटॅनियमच्या, पॅड तारेवरचे. ४८-२०-१४५, काचेची उंची ३८. कोपरे बाहेर आलेले आहेत, काडी कानशिलाला नुसती टेकते. पॅड आत घेऊन चष्मा वर बसवल्यावर ठिपके आडव्या मध्यापासून चारेक मिमी वर आले. हसून बघितलं, गालाला लागत नाही. बहिणीने दारात फोटो काढला. त्या फोटोत मी आईसारखी दिसते आहे, आणि हे लिहिताना मला खरंच आनंद होतोय.

आता काचेचं राहिलं. दुकानात १.६७, ब्लू कट (निळा उजेड अडवणारी काच) आणि कड पॉलिश असं सगळं एकत्र घ्या म्हणतात. घेऊ का? धायरीकर, काडी हेल्मेटमध्ये सरकते, बघून घेतलं.

पेठेतल्या_माई

छान फ्रेम निवडलीस गं. ३८ उंचीला बाहुली मध्याच्या चार वर म्हणजे खाली २३ मिमी मिळाले. प्रोग्रेसिव्हला ऐसपैस.

काचेचं : तुझ्या या फ्रेममध्ये कडेची वाढ १.६७ ला साडेतीन मिमी येते, १.६० ला ३.९. चार दशांशांचा फरक, आणि तो शेलच्या कडेत झाकला जाणार. शिवाय १.६० ची काच रंग कमी फोडते. १.६७ मधून, विशेषतः कडेने बघताना, पांढऱ्या अक्षरांना निळी-पिवळी झालर दिसू शकते, आणि तुझं काम फळ्याचं. मी १.६० घेईन. पॉलिकार्बोनेट सुचवलं तर नको म्हण. ते सहजासहजी फुटत नाही, लहान मुलांना उत्तम, पण रंग फोडण्यात ते १.६० पेक्षा बरंच वाईट आहे.

वाचलेले पैसे दोन ठिकाणी घाल. पहिलं, प्रोग्रेसिव्हचं डिझाइन. मधला स्पष्ट पट्टा जितका रुंद तितकं वर्गात मान कमी फिरवावी लागते. दुसरं, चांगलं अँटीरिफ्लेक्शन कोटिंग. त्यावाचून साधी काच प्रत्येक बाजूने चार टक्के उजेड परत फेकते, जास्त इंडेक्सची त्याहून अधिक, १.६७ ची तर सहाच्या वर. समोरच्याला तुझ्या डोळ्यांऐवजी खिडकी दिसते. उणे नंबरच्या कडेला जी वर्तुळांवर वर्तुळं दिसतात तीही या कोटिंगने फिकी होतात.

ब्लू कट नको. स्क्रीनमुळे डोळ्यांवर येणारा ताण त्याने कमी होतो असं दिसत नाही. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्या तपासून हेच म्हटलं. आणि काचेला हलका पिवळसरपणा येतो, फोटोत निळी चमक येते. आपण एवढा खटाटोप डोळे दिसावेत म्हणून केला.

कड पॉलिशही नको. पॉलिश केलेली कड आतला उजेड परतवते आणि वर्तुळं उठून दिसतात. मॅट राहू दे. काच बसवताना कंगोरा, म्हणजे फ्रेमच्या खाचेत बसणारी काचेची धार, पुढच्या बाजूला घ्यायला सांग, म्हणजे उरलेली जाडी मागे जाते, समोरून दिसत नाही. फक्त काडी मिटताना अडणार नाही ना हे त्यांनी बघावं.

चष्मा घ्यायला जाशील तेव्हा काचेवर शाईच्या खुणा असतील, त्या पुसण्याआधी घालून बघ. वरची अधिकाची खूण दोन्हीकडे बरोबर बाहुलीवर आली पाहिजे. नसेल तर आधी पॅड वर-खाली करून बघायचं. एक-दोन मिमीचा फरक तेवढ्याने जातो. त्यानेही जमलं नाही तर काच परत पाठवायची, ‘सवय होईल’ हे ऐकून घ्यायचं नाही. खुणा पुसल्या गेल्या तरी प्रत्येक काचेवर एकमेकांपासून ३४ मिमीवर दोन बारीक कोरीव चिन्हं असतात. तिरक्या उजेडात धरली की दिसतात, त्यांवरून दुकानदाराला खुणा परत काढता येतात.

पहिले काही दिवस जिना उतरताना मान खाली घालून बघ, नुसते डोळे खाली नेऊ नकोस. खालचा भाग जवळचा आहे, पायरी धूसर दिसेल. गाडी चालवायला सुरुवात गल्लीतूनच कर. पंधरा दिवसांनी परत दुकानात जा आणि पॅड, काड्या पुन्हा बसवून घे, नवी फ्रेम तेवढ्यात थोडी सैलावते. पैसे कोणी घेत नाही त्याचे.